चार बोटं कमी पडलेली मेणबत्ती

मी मेणबत्ती बोलतेय. आवाज बारीक आहे माझा, जरा जवळ येऊन ऐका.

दुकानात पाकिटातून मिळतात त्यांच्यातली मी नव्हे. त्या सगळ्या एका उंचीच्या, एका जाडीच्या. कुणाच्याही घरी जातात आणि वीज गेली की कामाला लागतात. मला चुलीपाशी बसून हाताने वळलेलं आहे, आणि तेही एकाच माणसाच्या मापाने. आमचं नाखाम गाव मेकाँगच्या काठावर आहे. इथे माझ्यासारखीला अंगाच्या मापाची मेणबत्ती म्हणतात. गळ्याच्या खळगीपासून बेंबीपर्यंत दोरा धरायचा, तो जेवढा येईल तेवढी मेणबत्ती लांब. वातीत धागे किती? जितकं वय तितके, आणि एक वरचा. तो वरचा धागा पुढे येणाऱ्या दिवसांसाठी.

माझी हकिगत सांगायला बसले आहे खरी, पण त्यातली निम्म्याहून जास्त बुनमीची आहे. मला वळणारे हात तिचे.

माझं मूळ डोंगरातलं. एका उंच झाडावर मधमाश्यांनी मला कणाकणाने जमवलं. मध काढणाऱ्यांनी मध नेला, पोळं पिळून घेतलं आणि उरलेला चोथा पाण्यात उकळून फडक्यातून गाळला. पाणी निवल्यावर वर पिवळी साय धरली. ती मी. त्यांच्यातल्या एकाने मला केळीच्या पानात गुंडाळून नाखामला आणलं, आणि बुनमीने एक टोपली तांदूळ देऊन घेतलं. घेण्याआधी तिने मला नाकाशी धरलं, नखाने टोकरलं आणि म्हणाली, “चांगलं आहे. हे सेंगदावसाठी.”

सेंगदाव ही तिची एकुलती एक मुलगी. नवरा लवकर गेला, तेव्हापासून दोघीच. मुलगी तेव्हा सतरा वर्षांची होती आणि नदीपलीकडे, थायलंडमध्ये, कपडे शिवायच्या कारखान्यात तिला काम मिळालं होतं. निघायच्या सकाळी बुनमीने तिला जिन्याच्या शेवटच्या पायरीशी उभं केलं आणि माप घ्यायला दोरा काढला.

“आई, होडी सुटेल ना!”

“सुटू दे. दुसरी येते. मान वर कर.”

दोऱ्याच्या दोन्ही टोकांना गाठी पडल्या आणि तो दोरा सुपारीच्या डब्यात गेला. त्याच दुपारी मी पहिल्यांदा मेणबत्ती झाले. अठरा धाग्यांची.

आता आमच्याकडची एक रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माणसाच्या अंगात बत्तीस जीव असतात, एकेका अवयवाला सांभाळणारे. माणूस दूर गेला, घाबरला, आजारी पडला, की त्यातला एखादा वाटेतच कुठेतरी रेंगाळतो. मग माणूस घरी आलं की गाव जमतं, मंत्र म्हणणारे आजोबा त्या सगळ्यांना नावानिशी हाका मारतात, आणि ते परत आले की मनगटाला पांढरा दोरा बांधून त्यांना आत ठेवतात. त्या वेळी मी जळायचं. माझ्या उजेडात त्यांनी आपलं घर ओळखायचं. म्हणून माप चोख हवं. आणि म्हणूनच ते माणूस समोर बसलेलं नसताना मला पेटवून उपयोग नाही.

सेंगदाव काही समोर बसायला आली नाही. एका वर्षी कागद नव्हते, एका वर्षी सुट्टी नव्हती, एकदा निघाली आणि नदीवरची ये-जाच बंद झाली. मी एका लांब डब्यात पडून राहिले.

दर नव्या वर्षाला, एप्रिलच्या उन्हात गाव एकमेकांवर पाणी उडवत असायचं, तेव्हा बुनमी घराखालच्या सावलीत चूल मांडायची आणि मला वितळवायची. दुधाच्या रिकाम्या डब्यात मी, डबा गरम पाण्याच्या पातेल्यात. थेट आचेवर तिने मला कधी ठेवलं नाही. मेण करपतं आणि काळं पडतं. जुनी वात बाहेर ओढायची, तिला एक नवा पांढरा धागा जोडायचा, कारण मुलगी एका वर्षाने मोठी झाली. मग मी जरा निवून कणकेसारखी मऊ झाले की तळव्यांना खोबरेल तेल लावून ती मला फळीवर थापायची, मधोमध वात ठेवायची आणि वळायची. मधून बाहेर, मधून बाहेर. मग थंड पाण्यात बुडी.

नंतर नटणं. त्यासाठी लागायची एक कच्ची पपई. तिचं निमुळतं टोक कापायचं आणि चाकूने आठ पाकळ्या कोरायच्या. झाला साचा. तो आधी पाण्यात भिजवायचा, मग पातळ मेणात टेकवायचा, की लगेच गार पाण्यात. पाण्यात पातळसं पिवळं फूल सुटून तरंगायला लागतं. अशी फुलं माझ्या अंगावर खालपासून वरपर्यंत चिकटायची. काम झालं की पपईचा उरलेला भाग उखळात जायचा, मिरची आणि लिंबाबरोबर. आमच्याकडे वाया काही जात नाही.

अशी मी सात वेळा मेणबत्ती झाले आणि एकदाही पेटले नाही.

शेजारच्या घरात पेंग राहते, बुनमीची नणंद. तिची जीभ तिखट आणि मन मऊ, पण आधी जीभच पोचते. ती म्हणायची, “वहिनी, बाजारात तयार मिळतात आता. गुलाबी, वर चकचकीत.”

“त्या कुणाच्या मापाच्या असतात?”

“कुणाच्याच नाहीत.”

“मग त्यांच्या उजेडात येणार कोण? डास?”

माप हा बुनमीचा अभिमान. पाच गावांतून लोक तिच्याकडे मेणबत्त्या वळून घ्यायला यायचे. आणि तिच्याच हातून चूक होत होती. दर वर्षी तिने मुलीचं वय वाढवलं, धागा वाढवला; लांबी मात्र सुपारीच्या डब्यातल्या गाठी मारलेल्या दोऱ्याचीच ठेवली. मला कळत होतं असं नाही. मीही त्याच मापाला सेंगदाव समजत होते. चूक उघडी पडायला वावही नव्हता. आई मुलीला नेसायची वस्त्रं विणून पाठवायची, पण ती कमरेभोवती गुंडाळायची, कुणालाही बसतात. आणि फोनच्या काचेत मुलगी गळ्यापर्यंतच दिसायची. माझं माप नेमकं त्याच्या खाली सुरू होतं.

पेंगने एकदा सुचवलं होतं, “फोन करून माप विचार की. मोठी झाली असेल पोर.”

बुनमीने मान फिरवली. “माझ्या पोटच्या मुलीचं माप मी विचारून घेऊ?”

मग या ऑक्टोबरात, होड्यांच्या शर्यतीच्या दोन दिवस आधी, सेंगदाव आली. तेवीस वर्षांची. अंगात सैल सदरा, हातात दोन पिशव्या, केस कापलेले. बुनमी जिना उतरून धावली आणि शेवटच्या पायरीवर थबकली, जणू कुणा पाहुणीला बघत होती. मग तिने मुलीचे दोन्ही हात धरले आणि विचारलं, “जेवलीस?”

चिकट भाताची टोपली उघडली, भाजलेला मासा आला. सेंगदावने खाल्लं, पण जपून. दुसऱ्या दिवशी सकाळी गाव जमायचं ठरलेलं होतं. जेवण होताच बुनमीने डबा उघडला आणि मला दोन्ही हातांवर घेऊन बाहेर आणलं. काय तो मान! सहा वर्षं मी त्या क्षणाची वाट बघत होते.

पेंग नेमकी तिथे बसलेली. तिने मला उचललं आणि थट्टेत सेंगदावच्या गळ्याशी धरलं. माझं वरचं टोक खळगीत नीट बसलं. खालचं टोक बेंबीच्या चांगलं चार बोटं वरच राहिलं.

“अगं बाई! वहिनी, ही मेणबत्ती तुझ्या मुलीची आहे का माझ्या कोंबडीची?”

सेंगदाव झटकन मागे सरकली. “राहू दे ना, आत्या. चालतं की. कोण बघतंय?”

“चालतं कसं?” बुनमीचा चेहरा उतरला होता. “चार बोटं बाहेर राहिली तर तेवढं बाहेरच राहायचं. हाक मारली तरी त्याला वाट कशी दिसणार? ये इकडे, माप घेऊ दे.”

“नको, आई.”

“नको काय? एक दोरा धरायचाय फक्त.”

“अंदाजाने चार बोटं वाढव. मी सांगते ना तेवढंच आहे.”

“अंदाजाने मी कुणाची मेणबत्ती केली नाही आजवर.” ती दोरा घेऊन पुढे आली. मुलगी जिन्याच्या खांबाला पाठ लावून उभी राहिली, पिशवी पोटाशी धरून. बुनमीचा हात हवेतच थांबला. “तिकडे राहून आईचा हात लागलेलाही नको झाला का तुला?”

माणसांचं एक मी पाहिलं आहे. ज्याची खरी भीती असते त्याबद्दल ती बोलत नाहीत. दुसऱ्याच कशाबद्दल तरी भांडतात. त्या दोघी दोऱ्याबद्दल भांडत होत्या. पेंगच्या मांडीवर पडून मी ऐकत होते, आणि मला वाटलं, संपलं. उद्या मी पुन्हा डब्यात.

शेवटी सेंगदावने पिशवी खाली ठेवली. “घे.”

बुनमीने दोऱ्याचं टोक खळगीत धरलं. अंगठ्याने दोरा दाबत ती खाली यायला लागली. छातीच्या हाडावरून, सदऱ्याच्या दुसऱ्या बटणावरून, तिसऱ्या. तिथून पुढे दोरा सरळ खाली जाईना. तो पुढे आला, गोलाईवरून चढला. बुनमीचा अंगठा थांबला.

पेंग पलीकडे चुलीत काटक्या सारत होती, तिचं लक्ष नव्हतं. माझं होतं. हे अंगठे मी सहा वर्षं ओळखते. मला थापताना ते कधी असे अडले नव्हते.

सेंगदावने श्वास रोखून धरला होता.

“पोट आत ओढू नकोस,” बुनमी हळूच म्हणाली. “माप खोटं येतं.”

मुलीने श्वास सोडला. खूप दिवसांचा साठलेला असावा, तेवढा लांब. दोरा आपल्या पुऱ्या लांबीला आला. बुनमीने तो दाताने तोडला, गाठ मारली, आणि चुलीकडे गेली.

मुलगी तिथेच उभी. आईने हाकलून लावलं नव्हतं आणि जवळही घेतलं नव्हतं. तिला काय वाटत असेल ते तुम्हीच समजा. मी तर दुधाच्या डब्यात पडले होते आणि पाणी तापत होतं.

मी वितळले. जुनी फुलं, जुनी गोलाई, सहा वर्षांची सगळी वाट पाहणं पिवळ्या पाण्यासारखं डब्यात हलत होतं. चोवीस धाग्यांची जुनी वात बुनमीने बाहेर ओढली आणि बाजूला ठेवली. नव्या मापाला ती पुरणार नव्हती. मग न सांगता सेंगदावने कोपऱ्यातली पपई ओढली, चाकू घेतला आणि पाकळ्या कोरायला बसली. सहा वर्षं हातात शिलाईचं यंत्र होतं, चाकू नव्हता. एक पाकळी भलतीच जाड झाली.

पेंगने पाण्यातलं पहिलं फूल उचलून पाहिलं. “हे फूल आहे होय? मला वाटलं बेडकाचा पाय.”

“तुझ्या लग्नातल्या फुलांपेक्षा बरं आहे,” बुनमी म्हणाली. तेवढंच. पण तिने ते फूल पाण्यात परत टाकलं नाही, ताटात नीट मांडून ठेवलं.

मग ती वातीचे धागे कापायला बसली. नव्या मापाने एकेक धागा तोडायचा आणि मांडीवर ठेवायचा. ती मोठ्याने मोजत होती, नेहमीसारखी, आणि पेंग मनातल्या मनात, तीही नेहमीसारखी. वहिनीची चूक काढायची संधी ती सोडत नाही.

“...बावीस, तेवीस. आणि एक वरचा.”

चोवीस झाले. बुनमीचा हात पुन्हा सुताच्या गुंडीकडे गेला. तिने आणखी एक धागा ओढला, मापाला लावला, तोडला आणि बाकीच्यांवर ठेवला.

“वहिनी, चुकलीस! पंचवीस झाले.”

“चुकले नाही.”

“तेवीस आणि एक चोवीस. मला काय मोजता येत नाही?”

“तुला मोजता येतं,” बुनमी म्हणाली, “पण तुला माहीत नाही कुणाकुणाला मोजायचंय ते.”

पेंगच्या हातातली काटकी तशीच राहिली. तिने आधी धाग्यांकडे पाहिलं, मग सेंगदावकडे, मग त्या सैल सदऱ्याकडे. आणि काटकी खाली ठेवून ती जवळ सरकली.

सेंगदावच्या हातातली पपई मांडीवर पडली होती. ती रडत होती, पण चाकू सोडायचं तिला भान नव्हतं. बुनमीने आधी तो चाकू काढून घेतला.

“किती महिने?”

“पाच.”

“नाव काय त्याचं?”

“विचाई. जहाजं दुरुस्त करतात तिथे जोडकाम करतो. लग्न करायचंय आम्हाला, आई. तो येणारच होता, मीच म्हटलं, आधी मी जाऊन येते. मला वाटलं, तू...”

बुनमीने तेलाचे हात मुलीच्या केसांना लागू नयेत म्हणून मनगटांनीच तिचं डोकं जवळ ओढलं. “तू मला फोनवर गळ्यापर्यंत दाखवलंस स्वतःला. खालचं मी कसं ओळखायचं?” मग तिने विचारलं, “त्याचं माप आणलंयस?”

“कसलं माप?”

“गळ्यापासून बेंबीपर्यंतचं. जावयाची मेणबत्ती मी काय अंदाजाने करू?”

सेंगदाव रडता रडता हसली. मग पेंगला वाचा फुटली. “त्याला सांग, येताना मेणही घेऊन ये. हिच्याकडचं तुमच्या दोघांत, म्हणजे तिघांत, संपलं!”

ते मात्र खरं होतं. लांबी वाढली आणि मेण तेवढंच. तेव्हा मी आठव्यांदा मेणबत्ती झाले ती पहिल्यापेक्षा बारीक. अंगावरच्या फुलांना एकेक पाकळी जाड. वात माझ्या मानाने जरा जाडच. बाजारातल्या गुलाबी भावंडांनी पाहिलं असतं तर हसली असती. पण त्या संध्याकाळी बुनमीने मला पुन्हा मुलीच्या गळ्याशी धरलं, आणि या वेळी चार बोटं काय, केसभरही काही बाहेर राहिलं नाही.

सकाळी गाव जमलं. केळीच्या पानांचा मनोरा, झेंडू, उकडलेली अंडी, भात, कोंबडी, आणि मधोमध मी. मंत्र म्हणणारे थोंगदी आजोबा पंच्याऐंशीचे आहेत. त्यांचे डोळे गेल्यात जमा, पण बोटं शाबूत. पेटवण्याआधी त्यांनी माझी वात चिमटीत धरून जराशी पिंजली. माझ्यावरचं एक फूल चाचपलं.

“वय काय मुलीचं?”

“तेवीस,” बुनमी म्हणाली.

आजोबांची बोटं वातीवर थोडी जास्त वेळ राहिली. मग त्यांनी काडी ओढली.

पेटणं कसं असतं ते मला विचारू नका. नीट सांगता येणार नाही. सहा वर्षं मला वाटत होतं की ते दुखेल. तसं काही झालं नाही. एवढंच जाणवलं, की आता सगळ्यांचे चेहरे मला दिसतायत, आणि ते मी आहे म्हणून दिसतायत.

आजोबांनी हाका मारायला सुरुवात केली. या रे बाळांनो, नदीपलीकडे राहिला असाल तर या, कारखान्याच्या दारात, होडीच्या घाटावर रेंगाळला असाल तर या, भात वाफाळतोय, आई वाट बघतेय. बत्तीस जणांना त्यांनी बोलावलं. संपलं असं वाटून लोक सुताचे दोरे घेऊन पुढे सरकले, तर आजोबांनी एक दम घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी आवाज लहान, अंगाईसारखा.

“म्हातारे विसरले बहुतेक,” मागून कुणीतरी कुजबुजलं.

“गप बसा,” पेंग म्हणाली. “त्यांना मोजता येतं.”

मग लोकांनी एकामागून एक सेंगदावच्या मनगटाला दोरे बांधले. बुनमी सर्वांत शेवटी आली. तिने दोरा बांधला, गाठीवर हात ठेवला, आणि मग तोच हात मुलीच्या सदऱ्यावर, जिथे माप संपलं होतं तिथे, थोडा वेळ ठेवला.

मी सगळी जळले नाही. समारंभ संपला तेव्हा बुनमीने मला फुंकर न मारता ओल्या बोटांनी विझवलं. मूठभर उरले होते. आता पुन्हा दुधाच्या डब्यात आहे, फळीवर. सेंगदाव कामावर परत गेली आहे. पावसाळ्याआधी तिघं येणार, असं ठरलं आहे. विचाईने मात्र आपलं माप पाठवलं, चिठ्ठीत गुंडाळलेला काळा दोरा. बुनमीने तो उलगडून पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि म्हणाली, “उंच आहे मेला. मेण पुरणार कुठून!” पण तो दोरा सुपारीच्या डब्यात ठेवला.

तुमच्या घरी कुणाचं तरी जुनं माप असेलच. एखादा झबल्याचा तुकडा, दारावर मारलेली पेन्सिलची रेघ. ते टाकू नका, पण त्यावर विसंबूही नका. माणूस आलं की त्याला उभं करा आणि पुन्हा मोजा. ते नको म्हणालं तर थोडं थांबा, मग पुन्हा विचारा.

मी पुढे कोण होणार ते मला माहीत आहे. उरलं आहे ते मेण फार नाही, पण ज्याच्यासाठी लागणार त्याला जास्त लागायचं नाही. सुपारीच्या डब्यात सध्या तीन दोरे आहेत. सतरा वर्षांच्या मुलीचा जुना, गाठी मारलेला. तिचाच नवा, चार बोटं मोठा. आणि विचाईचा काळा. त्यांच्याशेजारी पांढऱ्या सुताची एक लहान गुंडी ठेवलेली आहे. बुनमी रोज डबा उघडते, सुपारी घेते, ती गुंडी हातात धरते आणि तशीच परत ठेवते.

तो दोरा तिने अजून कापलेला नाही.